नर-मादीपलीकडचा डीएनए

पक्षी पाळणाऱ्यांत 'डीएनए' या शब्दाला एकच अर्थ आहे. "डीएनए केलंय का?" असं कुणी विचारलं की नर आहे का मादी, हे तपासून घेतलंय का, एवढंच त्याला विचारायचं असतं. सन कोन्यूर किंवा आफ्रिकन ग्रे हे पोपट नुसते बघून नर-मादी सांगता येत नाही. मग छातीवरची चार पिसं मुळासकट उपटायची, पाकिटात घालायची, प्रयोगशाळेला पाठवायची. निकालाचा कागद पुढे विक्रीच्या वेळी पत्रिकेसारखा दाखवला जातो.

नर-मादी तपासणाऱ्या त्याच यंत्रावर, जवळपास त्याच पद्धतीनं, पक्ष्याच्या पोटात वाढणारी यीस्टही ओळखता येते. यीस्ट म्हणजे एकपेशीय बुरशी. पाव फुगवणारी आणि पक्ष्याला सुकवणारी या एकाच मोठ्या गोतावळ्यातल्या. ही चाचणी मागणारे लोक आता हळूहळू वाढताहेत. अडचण अशी की नमुना हातात येतो तेव्हा पुष्कळदा वेळ चुकलेली असते, नमुना चुकलेला असतो, किंवा प्रश्नच चुकलेला असतो.

गेल्या पावसाळ्यात एक काका बडीशेपेची रिकामी डबी घेऊन आमच्या प्रयोगशाळेत आले. डबीत आठवडाभर साठवलेली, बजी नावाच्या छोट्या पोपटाची शीट होती. वाळून कडक झालेली, राळ्याच्या फोलकटांत मिसळलेली, वर थोडी वाळू, आणि बडीशेपेचा वास. "यात बुरशी आहे का बघा," म्हणाले. मी विचारलं, "कोणती?" काका माझ्याकडे बघतच राहिले. "अहो, ते तुम्ही शोधायचं ना!"

काकांचं म्हणणं वावगं नव्हतं. सूक्ष्मदर्शकाखाली बघणारा जे दिसेल ते सांगतो. बशीत वाढवून बघणारा जे उगवेल ते सांगतो. पीसीआर म्हणजे डीएनएच्या नकला काढून ओळख पटवणारी ही चाचणी. ती तसं करत नाही. भर लग्नाच्या हॉलमध्ये "अहो कुलकर्णी" अशी हाक मारली की कुलकर्णीच वळून बघतात. शेजारी जोशी उभे असले, अगदी ताटावरून भांडत असले, तरी ते वळत नाहीत. पीसीआर ही अशी नावानं मारलेली हाक आहे. ज्या जिवाच्या डीएनएला जुळणारे तुकडे आपण नळीत घालतो, तोच जीव 'ओ' देतो. त्या तुकड्यांना प्रायमर म्हणतात. काकांच्या डबीत कॅन्डिडा नावाची यीस्ट असती आणि आम्ही हाक मॅक्रोऱ्हाब्डस या दुसऱ्या यीस्टला मारली असती, तर निकाल 'निगेटिव्ह' आला असता. तो खरा असता आणि काकांच्या काहीही उपयोगाचा नसता.

पीसीआरचं तंत्र कॅरी मलिस यांनी १९८३ मध्ये शोधलं आणि १९९३ मध्ये त्यांना रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्याकडे मात्र ही अक्षरं घराघरांत पोचली २०२० मध्ये, नाकात काडी घालून. तेव्हा त्यांच्या पुढे 'आरटी' लागायचं, कारण करोनाच्या विषाणूत डीएनए नसतो, आरएनए असतो आणि त्याचं आधी डीएनएत रूपांतर करावं लागतं. यीस्टकडे डीएनए तयार असतो, त्यामुळे ती पायरी इथे लागत नाही. बाकी कृती तीच. नमुना सुमारे ९५ अंशांना तापवून डीएनएचे दोन पदर सुटे करायचे, तापमान उतरवून प्रायमर चिकटू द्यायचे, ७२ अंशांना नवा पदर विणून घ्यायचा. एका फेरीत एकाचे दोन होतात. सगळं सुरळीत झालं तर तीस फेऱ्यांत एकाचे १०७ कोटी. एवढी नक्कल झाली की यंत्राला ती दिसते.

आता हाक कुणाला मारायची ते ठरवू.

आपल्याकडे ज्यांना सर्रास 'लव्हबर्ड' म्हणतात ते बहुतेकदा बजी असतात, ऑस्ट्रेलियातले छोटे पोपट. खरे लव्हबर्ड आफ्रिकेतले. बजीला होणारा एक नेहमीचा आजार पाळणाऱ्यांच्या भाषेत 'सुकणं' आहे. पक्षी दिवसभर वाटीवर बसलेला दिसतो, फोलकटं उडवतो, घरच्यांना वाटतं मस्त खातोय. प्रत्यक्षात वजन उतरत असतं. फुगवलेल्या पिसांखाली ते दिसत नाही. हातात धरून छातीवर बोट फिरवलं की मधलं हाड सुरीच्या धारेसारखं लागतं. शिटेत अख्खे, न पचलेले दाणे येतात. काही पक्षी ओकतात आणि ओकताना मान झटकत असल्यामुळे डोक्यावरची पिसं चिकट होऊन बसतात. जठरात व्रण पडून रक्तस्राव झाला तर शीट डांबरासारखी काळी होते.

ओकण्याबद्दल एक गोष्ट इथेच सांगून टाकते, कारण दर महिन्याला एखादा तरी फोन त्यावरच येतो. आरशासमोर मान वरखाली करत दाणे वर काढणारा नर बजी आजारी नसतो. तो आरशातल्या बाईसाहेबांना भरवत असतो. आरसा काढा, दोन दिवस वाट बघा.

या सुकण्यामागे असणारी यीस्ट म्हणजे मॅक्रोऱ्हाब्डस ऑर्निथोगॅस्टर. नाव उच्चारायला जड आहे, पण त्याचा इतिहास मजेशीर आहे आणि डीएनए तपासणीचं महत्त्व त्यातूनच कळतं. सूक्ष्मदर्शकाखाली ती यीस्टसारखी दिसतच नाही. यीस्ट म्हटलं की गोल किंवा लांबट गोल पेशी, अंगाला कोंब फुटलेला, असं चित्र डोळ्यांसमोर येतं. ही मात्र सरळसोट काडी. जाडी दोन-तीन मायक्रॉन, लांबी वीसपासून ऐंशीपर्यंत. आपल्या आतड्यातला ई-कोलाय जेमतेम दोन मायक्रॉनचा. त्याच्यापुढे ही काडी म्हणजे मुंगीशेजारी गोम. आकार जिवाणूसारखा, जिवाणू ओळखायच्या 'ग्रॅम' रंगानं निळीजांभळी होणारी, आणि अंगानं अवाढव्य. म्हणून तिला नाव पडलं 'मेगाबॅक्टेरिया'. जिवाणू समजल्यावर जिवाणूंवरचं औषध द्यायचा मोह होणारच. मात्र जिवाणूंवरची प्रतिजैविकं यीस्टला काही करत नाहीत. १९९० च्या दशकात ऑस्ट्रेलियात बजींवर प्रयोग झाले आणि बुरशीवरचं अँफोटेरिसिन बी लागू पडलं. म्हणजे औषध आधी सापडलं, आजाराचा खरा धनी अजून सापडायचा होता. २००३ मध्ये टोमाशेव्स्की आणि सहकाऱ्यांनी या जिवाच्या रायबोसोमचे जनुक वाचले आणि ही यीस्टच आहे, तीही नव्या प्रजातीची आणि नव्या वंशाची, हे दाखवून आजचं नाव दिलं. जुनी जाणती मंडळी अजून 'मेगाबॅक' म्हणतात. म्हणू देत. फक्त त्या नावावर विसंबून प्रतिजैविकांची पूड पाण्यात टाकू नये.

ती राहते कुठे, हेही नमुन्याच्या दृष्टीनं महत्त्वाचं. पक्ष्याला जठर दोन टप्प्यांत असतं. आधी रस पाझरणारं मऊ जठर, मग दाणे भरडणारं स्नायूंचं जाडजूड जठर. कोंबडीवाल्याकडे कलेजीबरोबर जो पेटा मिळतो तो हाच. या दोहोंच्या सांध्यावर मॅक्रोऱ्हाब्डसच्या काड्या पेंढ्यांसारख्या ओळीनं चिकटून असतात. तिथून सुटलेल्या काड्या शिटेतून बाहेर पडतात. गोम इथे आहे: त्या रोज सारख्या पडत नाहीत. आज शेकडो, उद्या चार, परवा एकही नाही. काही पक्षी वर्षानुवर्षं यीस्ट बाळगून टुणटुणीत असतात आणि पिंजरा हलवला, नवा जोडीदार आला, अंड्यांवर बसले, म्हातारपण आलं की सुकायला लागतात.

दुसरी यीस्ट कॅन्डिडा, त्यातही मुख्यतः कॅन्डिडा अल्बिकन्स. हिचं घर वरच्या मजल्यावर: तोंड, घसा आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी, जिला पाळणारे क्रॉप म्हणतात. हिचे बळी बहुधा पिल्लं, हातानं भरवलेली, आणि त्यात कॉकाटील पोपटांची पिल्लं पुष्कळ. क्रॉप सकाळपर्यंत रिकामा होत नाही, तोंडाला आंबूस वास येतो, तोंडात दह्याच्या कवड्यांसारखे पांढरे थर दिसतात. आतून क्रॉप टर्किश टॉवेलसारखा जाड, लवदार होतो. सकाळचं उरलेलं फीडिंगचं मिश्रण दुपारी परत कोमट करून भरवणं, सिरिंज नुसती पाण्यातून खळबळून ठेवणं, आणि 'खबरदारी म्हणून' पिल्लांना प्रतिजैविक देत राहणं, या तीन सवयी कॅन्डिडाला मानवतात. प्रतिजैविकानं आतड्यातले जिवाणू मेले की मोकळी जागा यीस्ट बळकावते.

मॅक्रोऱ्हाब्डस आणि कॅन्डिडा यांच्या निकालाचं वजन सारखं नाही, आणि हा लेख लिहायला बसले ते मुख्यतः याच कारणासाठी. कॅन्डिडा थोड्या संख्येनं निरोगी पक्ष्याच्या अन्नमार्गातही असते. पीसीआरची हाक इतकी दूरवर पोचते की त्या चार-दोन पेशींनाही ती ऐकू जाते. त्यामुळे शिटेच्या नमुन्यात 'कॅन्डिडा पॉझिटिव्ह' असा कागद आला, पक्षी खातोपितो, वजन जागेवर आहे, तर त्या कागदावरून औषध सुरू करायचं कारण नाही. त्याउलट क्रॉपमधून घेतलेल्या नमुन्याची काचपट्टी रंगवली आणि त्यात कोंब फुटलेल्या पेशींचे थवे, शिवाय धाग्यांसारखी वाढ दिसली, तर आजार तिथे डोळ्यांना दिसतो आहे. त्याला पीसीआरची वाट बघायची गरज नाही.

मग कॅन्डिडासाठी डीएनए तपासणी कधी मागायची? औषध चालू असून गुण येत नाही तेव्हा. काचेवर सगळ्या कॅन्डिडा जवळपास एकसारख्या दिसतात, पण औषधाला त्या एकसारखी दाद देत नाहीत. पूर्वी कॅन्डिडा क्रुसेई म्हणून ओळखली जाणारी, आता पिचिया कुद्रियाव्झेवी या नावाची यीस्ट फ्लुकोनॅझोलला जन्मतःच दाद देत नाही. अशा वेळी प्रयोगशाळा एकाच नावाची हाक मारत नाही. 'बुरशीकुळातले सगळे' अशी सामायिक हाक मारते, जो तुकडा वाढेल त्याची अक्षरं वाचते आणि जगभरच्या नोंदींशी ताडून नाव सांगते. त्यासाठी डीएनएचा आयटीएस नावाचा पट्टा वापरतात. २०१२ मध्ये तो बुरशींच्या ओळखीचा अधिकृत पट्टा म्हणून स्वीकारला गेला. फोनवर विचारायचं ते असं: "तुम्ही फक्त अल्बिकन्स आहे का ते सांगता, की आयटीएस वाचून प्रजाती सांगता?" समोरचा गोंधळला तर दुसरा क्रमांक फिरवा.

तोंडातलं पांढरं म्हणजे बुरशीच, असंही धरून चालू नका. नुसत्या राळ्या-बाजरीवर वर्षानुवर्षं ठेवलेल्या पक्ष्याला 'अ' जीवनसत्त्व कमी पडून तसेच थर येतात. ट्रायकोमोनास नावाचा एकपेशीय परजीवीही तसंच दृश्य निर्माण करतो. कबुतरं पाळणाऱ्यांना तो चांगला ओळखीचा आहे. त्याचं औषध पार निराळं.

म्हणून माझा क्रम ठरलेला आहे: आधी तराजू, मग सूक्ष्मदर्शक, मग पीसीआर. बजीचं वजन साधारण तीस ते चाळीस ग्रॅम असतं. प्रदर्शनाच्या जातीचे बरेच जड असतात. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा पुरतो. प्लास्टिकचा डबा ठेवून काटा शून्यावर आणायचा, पक्षी डब्यात, आकडा वहीत, दर रविवारी सकाळी खाण्याआधी. पस्तीस ग्रॅमचा पक्षी एकतीसवर आला तर तुम्हाला ते चार ग्रॅम वाटतात. त्याच्या दृष्टीनं दहाव्या हिश्श्याहून जास्त गेलेलं असतं.

सूक्ष्मदर्शक पशुवैद्याकडे. महाराष्ट्रात परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय १८८६ पासून आहे; नागपूर, परभणी, उदगीर, शिरवळ इथेही महाविद्यालयं आहेत. शिवाय आता शहरांत पक्षी बघणारे खासगी डॉक्टर सापडतात. ताज्या शिटेचा कण मिठाच्या पाण्याच्या थेंबात कालवून काचेवर घेतला की मॅक्रोऱ्हाब्डस असेल तर सांडलेल्या काड्यापेटीसारख्या काड्या दिसतात. पाच मिनिटांचं काम, खर्च थोडका. काड्या दिसल्या तर निदान झालं; पीसीआरवर पैसे घालवू नका. लक्षणं आहेत आणि काड्या दिसत नाहीत, किंवा नवा पक्षी जुन्या थव्यात सोडायचा आहे, किंवा औषधानंतर खरंच संपली का ते बघायचंय, तेव्हा डीएनएचा खर्च वसूल होतो. मॅक्रोऱ्हाब्डस बशीत वाढवणंही सोपं नाही, तिला आम्लधर्मी माध्यम आणि कमी प्राणवायू लागतो. त्यामुळे 'कल्चर'चा मार्ग इथे व्यवहारात नाहीच.

आता नमुना. इथे सावकाश वाचा, कारण चांगल्या प्रयोगशाळेलाही वाईट नमुन्यातून चांगला निकाल काढता येत नाही.

रात्री पिंजऱ्याच्या तळाची जाळी काढून बटर पेपर किंवा ॲल्युमिनियम फॉइल पसरा. वर्तमानपत्र नको, ओलावा शोषला जातो आणि शीट कागदाला चिकटते. वाळू, भुसा नको. सकाळी दिवा लागल्यावर पहिल्या तासात जी शीट पडते ती घ्या. शिटेत तीन भाग असतात: हिरवट-तपकिरी गोळी, पांढरा भाग आणि पाणी. आपल्याला गोळी हवी. पांढरा भाग मूत्राचा, त्यात यूरिक आम्ल असतं. शिटेतले असे घटक पीसीआरच्या विकराचं काम अडवू शकतात. स्वच्छ प्लास्टिकच्या चमच्यानं किंवा आइस्क्रीमच्या नव्या चमच्यानं गोळ्या उचलून औषधाच्या दुकानात मिळणाऱ्या निर्जंतुक लघवीच्या डबीत टाका. बडीशेपेची डबी कितीही धुतली तरी नको.

आणि एकच दिवस नको. काड्या रोज पडत नाहीत हे वर सांगितलंच. तीन ते पाच दिवस रोज सकाळच्या दोन-तीन गोळ्या त्याच डबीत साठवा, डबी झाकण घट्ट लावून फ्रिजमध्ये, दाराच्या कप्प्यात नाही, आतल्या बाजूला. घरच्यांना डबी ओळखता यावी म्हणून मोठ्या अक्षरांत लिहा. आमच्या एका ग्राहकाच्या सासूबाईंनी ती हिंगाची पूड समजून उघडली होती. पशुवैद्याला काचेवर बघण्यासाठी शीट द्यायची असेल तर ती वेगळी, त्याच दिवशीची, ताजी.

क्रॉपचा किंवा तोंडाचा नमुना घरी घेऊ नका. पक्षी चावतो म्हणून नव्हे, गुदमरतो म्हणून. डॉक्टर कोरड्या निर्जंतुक स्वॅबनं घेतील. स्वॅबची दांडी प्लास्टिकची हवी. लाकडी दांडीतली द्रव्यं पीसीआर बिघडवू शकतात. स्वॅब जेल किंवा कोळशाच्या माध्यमात बुडवून पाठवू नये, ते कल्चरसाठी असतं. मेलेल्या पक्ष्याचा अवयव पाठवायचा असेल तर तो फॉर्मॅलिनमध्ये टाकू नका. ऊतीचे काप बघायला फॉर्मॅलिन उत्तम, पण त्यात डीएनएचे तुकडे पडतात. मेलेला पक्षी फ्रीझरमध्येही नको; फ्रिजमध्ये ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठा. दोन्ही जठरांच्या सांध्यावरचा खरवड हा मॅक्रोऱ्हाब्डससाठी सगळ्यात बोलका नमुना असतो.

एका पिंजऱ्यात दहा पक्षी असतील तर दहा चाचण्या करायलाच हव्यात असं नाही. 'या थव्यात आहे का?' एवढाच प्रश्न असेल तर सगळ्यांची शीट एकत्र चालते. 'कुणाला आहे?' हा प्रश्न असेल तर प्रत्येकाला रात्रभर वेगळ्या पिंजऱ्यात ठेवावं लागेल.

डबीसोबत एक चिठ्ठी हवी: पक्ष्याची जात, वय, वजन, लक्षणं कधीपासून, कोणतं औषध किती दिवस दिलं. औषध लपवू नका. आधीच कुणाच्या सांगण्यावरून बुरशीचं औषध दिलेलं असेल तर यीस्टची संख्या घटलेली असते आणि निगेटिव्ह निकालाचा अर्थ बदलतो. जातीच्या रकान्यात 'पोपट' एवढंच लिहिलं असेल तर आम्ही फोन करतो. देशी पोपट पाळणं १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं गुन्हा आहे, आणि अजून कितीतरी अंगणांत तो टांगलेला असतो.

प्रयोगशाळा निवडताना किमतीआधी तीन गोष्टी विचारा. एक, तुमच्या यादीत मॅक्रोऱ्हाब्डस आहे का? नर-मादी तपासणाऱ्या पुष्कळ प्रयोगशाळा पीबीएफडी, पॉलिओमा, क्लॅमिडिया या आजारांच्या चाचण्या करतात; यीस्ट त्यांच्याकडे असेलच असं नाही. दोन, पेशी फोडता कशा? यीस्टची भिंत ग्लुकन आणि कायटिनची, चिवट. विषाणूसाठीचं साधं किट वापरलं तर डीएनए आतच राहतो. 'काचेच्या मण्यांनी घुसळतो' किंवा 'भिंत विरघळवणारं विकर वापरतो' असं उत्तर आलं की समजायचं, यांनी हे केलेलं आहे. तीन, अंतर्गत नियंत्रण असतं का? म्हणजे नमुन्यात मुद्दाम घातलेला एक ओळखीचा डीएनए. तो वाढला आणि यीस्टचा वाढला नाही, तर निगेटिव्ह खरा. दोन्ही वाढले नाहीत, तर शिटेतल्या कशानं तरी चाचणी अडवली. तिथे 'निगेटिव्ह' लिहिणं चूक, 'नमुना पुन्हा पाठवा' लिहिलं पाहिजे.

निकालावर सीटीचा आकडा, म्हणजे किती फेऱ्यांनंतर यंत्राला नक्कल दिसली तो, असेल तर तो कोविडमध्ये वाचायचो तसाच वाचायचा: लहान आकडा म्हणजे माल जास्त. साधारण ३.३ चा फरक म्हणजे दहापट. पण शिटेच्या नमुन्यात त्याला फार महत्त्व देऊ नका. मंगळवारी २४ आणि शुक्रवारी ३४ याचा अर्थ पक्षी बरा होतोय असा होत नाही. त्या दिवशी काड्या कमी पडल्या, इतकाच होऊ शकतो.

हे मी माझ्याच घरी शिकले. माझ्याकडे एक निळी मादी होती, चौतीस ग्रॅमची. वहीत लागोपाठ तीन रविवार आकडे उतरले: ३३, ३१, २९. मी एका सकाळची शीट नेली, काचेवर काही दिसलं नाही, पीसीआर लावली, निगेटिव्ह. मला हायसं वाटलं आणि मी वजन घटण्याचं खापर पिसं गळण्यावर फोडलं. दोन आठवड्यांनी ती पिंजऱ्याच्या तळाशी बसली. तेव्हा पाच दिवसांची शीट एकत्र करून पुन्हा लावली. ठळक पॉझिटिव्ह. इतरांना दहा वेळा सांगितलेली गोष्ट स्वतःच्या पिंजऱ्यासमोर आठवली नाही. ती वाचली, पण चौतीसवर पुन्हा कधी गेली नाही.

औषधाबद्दल थोडंच सांगते, कारण मात्रा ग्रॅमच्या हिशोबानं डॉक्टरांनीच ठरवायची असते. मॅक्रोऱ्हाब्डससाठी अँफोटेरिसिन बी तोंडानं, दिवसातून दोनदा, कित्येक दिवस, कधी महिनाभर द्यावं लागतं. पक्षी तीन दिवसांत तरतरीत दिसला म्हणून थांबवू नका. कॅन्डिडासाठी निस्टॅटिन आहे; ते आतड्यातून रक्तात जवळपास जातच नाही, जिथे यीस्ट आहे तिथे ते टेकावं लागतं. नळीनं थेट क्रॉपमध्ये घातलं तर तोंडातल्या थरांना ते कधी भेटतच नाही. दुकानात मिळणारी 'सगळ्यावर चालणारी' प्रतिजैविकाची पिवळी पूड यांतल्या एकाही यीस्टवर चालत नाही.

औषध संपल्याच्या दुसऱ्या दिवशी पुन्हा पीसीआर करू नका. मेलेल्या यीस्टचा डीएनएही हाकेला ओ देतो. दोन-तीन आठवडे जाऊ द्या, मग पुन्हा पाच दिवसांची डबी. ती निगेटिव्ह आली तरी महिन्याभरानं एकदा काचेवर बघून घ्यावं. ही यीस्ट पुन्हा उगवल्याची उदाहरणं आहेत.

घरच्यांना धोका आहे का, असं लोक हमखास विचारतात. मॅक्रोऱ्हाब्डस हा पक्ष्यांचाच आजार आहे, माणसात तो आढळलेला नाही. पण पक्षी धापा टाकतोय, डोळे-नाक वाहताहेत आणि घरात कुणाला ताप-खोकला आहे, असं असेल तर यीस्टचा विचार बाजूला ठेवा आणि त्याच दिवशी डॉक्टरांना क्लॅमिडियाबद्दल विचारा. तो पोपटवर्गीय पक्ष्यांकडून माणसाकडे येतो. तुमच्या स्वतःच्या डॉक्टरांनाही घरात पक्षी आहे हे सांगा. ते आपणहून विचारत नाहीत.

नवा पक्षी आणलात की तो चार-सहा आठवडे वेगळ्या खोलीत, वेगळ्या भांड्यांत. त्या काळात एकदा पाच दिवसांची डबी. मॅक्रोऱ्हाब्डस शिटेतून पसरते आणि आईबाप पिल्लांना भरवताना ती पुढे जाते, म्हणून पैदाशीच्या जोड्या आधी तपासलेल्या बऱ्या. दाण्याच्या आणि पाण्याच्या वाट्या दांडीच्या बरोबर खाली टांगायच्या नाहीत, कारण वर बसणारा खाली शिटणारच.

डबी पाठवताना ती झिपच्या दोन पिशव्यांत, सोबत गोठवलेली जेलची पिशवी, मध्ये कापडाचा थर म्हणजे नमुना गोठणार नाही. आणि कुरिअर सोमवारी करा. शुक्रवारी पाठवलेली शीट शनिवार-रविवार कुठल्या तरी गोदामात पत्र्याखाली काढते, आणि मंगळवारी आमच्याकडे जे पोचतं ते झाकण उघडण्याआधीच कळतं.